जुन्या टू-स्ट्रोक गाडीचा कार्ब (हवा-पेट्रोल मिसळणारा कार्बुरेटर) ट्यून करायचाय? आधी हे वाचा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी ठाण्याला नौपाड्यात राहतो, माझ्याकडे १९८६ ची आरडी ३५० (दोन सिलेंडरची राजदूत ३५०) आहे आणि भावाची यामाहा आरएक्स १०० पण माझ्याच गळ्यात आहे. मी मेकॅनिक नाही, नोकरी करतो, रविवारी हात काळे करतो. पण आजूबाजूच्या जुन्या गाडीवाल्यांचे तेच तेच फोन येतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकलंय. जास्त करून दोन कार्बच्या आरडीबद्दल आहे, पण एका कार्बवाल्यांनाही बरंचसं लागू पडतं.

गाडी मिसिंग मारतेय, कार्ब ट्यून करायला लागेल ना?

बहुतेक वेळा नाही. हे पटवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण कार्ब डोळ्यासमोर असतो, त्याला स्क्रू असतात, आणि स्क्रू दिसला की आपला हात गप्प बसत नाही. आरडीला सीबी पॉइंट आहेत (उघडझाप करून प्लगचा स्पार्क पाडणारे), ते घासून गॅप कमीजास्त झाला की स्पार्कचं टायमिंग हलतं आणि गाडी अगदी कार्ब खराब असल्यासारखीच वागते. त्यामुळे आधी पॉइंट साफ करून गॅप ०.३ ते ०.४ मिमी लावा, टायमिंग बघा, प्लग नवीन टाका, कॅप हलवून बघा, बॅटरी चार्ज आहे का बघा, एअर फिल्टर धुवा. मग सायलेन्सर. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर आतून ऑईलच्या काजळीनं चोक होतो आणि चोक सायलेन्सर ठेवून कार्ब ट्यून करणं म्हणजे नाक दाबून गाणं म्हणणं. रीड व्हॉल्व्हच्या (कार्ब आणि इंजिनमधली, मिश्रण फक्त आत सोडणारी झडप) पाकळ्यापण उजेडात धरून बघा, एखादीचा कोपरा तुटला असेल तर स्टार्टिंगचा त्रास आणि स्लोमध्ये (मूठ सोडून गाडी जागेवर चालू असताना) नाटकं होतात, आणि लोक तिकडे एअर स्क्रू पिळत बसतात. एवढं सगळं ठीक असेल आणि तरी गाडी नीट चालत नसेल तर कार्बला हात लावायचा.

हत्यारं काय लागतात?

एक वही. हसू नका, आधी वही. एअर स्क्रू किती आटे (फेरे) बाहेर होता, निडलची क्लिप कुठल्या खाचेत होती, जेटचा (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकाच्या पितळी तुकड्याचा) नंबर काय, सगळं उघडायच्या आधी लिहायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून चालवून बघायची, दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशामुळे फरक पडला ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

बाकी पाने, हवेचा कॉम्प्रेसर (कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे पाच मिनिटांचं काम), कार्ब क्लीनरचा स्प्रे आणि चांगला स्क्रूड्रायव्हर. मिकुनी कार्बचे स्क्रू जपानी जेआयएस स्टँडर्डचे असतात, ते दिसतात साध्या फुलीसारखे पण आपला साधा फुलीचा स्क्रूड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही, वर उचलला जातो आणि डोकं गोल करून ठेवतो. तुमच्या गाडीच्या फ्लोट बाऊलच्या (कार्बच्या तळाची पेट्रोलची वाटी) स्क्रूंची डोकी गेलेली असतील तर ती अशीच गेलीयत.

साफ करताना जेटमध्ये तार घालू का?

नाही हो. गॅरेजमध्ये क्लच केबलची एक तार काढून जेटमध्ये खुपसतात, मी स्वतः डोळ्यांनी बघितलंय. जेट पितळेचा, तार स्टीलची, भोक मोठं होतं आणि मग जेटवर लिहिलेला नंबर खोटा ठरतो. क्लीनरमध्ये भिजवा, हवा मारा, उजेडाकडे धरून बघा, पायलट जेटमधून (स्लोचा बारीक जेट) एकदम गोल स्वच्छ ठिपका दिसला पाहिजे. दिसत नसेल तर परत भिजवा. तरी नाही तर नवीन घ्या.

पेट्रोलचा कॉक बंद करून बाऊल उघडाल तेव्हा आतलं पेट्रोल फेकू नका, काचेच्या बाटलीत धरा आणि दहा मिनिटं स्थिर ठेवा. खाली वेगळे मण्यांसारखे थेंब लोळत असतील तर ते पाणी. मी पहिल्यांदा असं केलं तेव्हा लोणच्याची रिकामी बरणी घेतली होती, तळाला बोटभर पाणी आणि त्यावर तांबूस गंजाची पूड, म्हणजे कार्ब बिचारा निर्दोष, टाकी आतून गंजलेली. टाकी साफ होईपर्यंत कार्ब शंभर वेळा धुतला असता तरी पुढच्या रविवारी तेच.

एअर स्क्रू किती आटे बाहेर ठेवायचा?

सुरुवातीला दीड. पण दीड हा फक्त सुरुवातीचा आकडा आहे, उत्तर नाही.

स्क्रू हलक्या हातानं पूर्ण आत टेकवा (आवळायचा नाही, टोक बसतं), मग दीड आटा बाहेर. गाडी चांगली गरम करा, म्हणजे पार्किंगमध्ये दोन मिनिटं नाही, तीन हात नाका ते माजिवडा असा चक्कर मारून या. मग स्लोवर ठेवून एअर स्क्रू पाव पाव आट्यानं आतबाहेर करा, मध्ये थोडं थांबा, रेस सगळ्यात वर जिथे जाते ती जागा शोधा, मग स्लो स्क्रूनं रेस खाली आणा आणि परत एकदा तेच करा. आरडी साधारण १२०० आरपीएमला स्लो धरते. ती बुलेटसारखी डुगडुगत उभी राहील अशी अपेक्षा ठेवू नका. शेवटी मी स्क्रू किंचित आत घेतो, कारण टू-स्ट्रोक थोडी रिच (हवेच्या मानानं पेट्रोल जास्त; कमी असेल तर लीन) बरी.

आता महत्त्वाचं. चांगली जागा एका आट्याच्याही आत येत असेल तर पायलट जेट छोटा पडतोय, मोठा घ्या. अडीचच्या पुढे गेली तर पायलट जेट मोठा आहे. आणि कुठेही काही फरकच पडत नसेल तर पायलटचा मार्ग बंद आहे, परत साफ करा.

अजून एक घोळ: स्क्रू आत घेतला की रिच होतं का लीन? ते स्क्रू कुठे आहे त्यावर आहे. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा कंट्रोल करतो, आत घेतला की रिच. इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलमिश्रण कंट्रोल करतो, आत घेतला की लीन. आरडी, आरएक्सचा पहिल्या प्रकारचा. यूट्यूबवर दुसऱ्या गाडीचं बघून उलटं करणारे दर महिन्याला एक भेटतात.

स्लो मस्त आहे पण मधेच अडखळते, मग मेन जेट बदलू?

आधी कुठे अडखळते ते नीट सांगा. मुठीवर मास्किंग टेपचा तुकडा लावा, शेजारच्या हाऊसिंगवर दुसरा, आणि पेनानं बंद, पाव, अर्धा, पाऊण, फुल अशा रेघा मारा. सगळे हसतील, हसू द्या. स्लाईड (मुठीबरोबर वरखाली होणारी झडप) वाल्या कार्बमध्ये मुठीच्या प्रत्येक टप्प्याला वेगळा पार्ट काम करतो: अगदी सुरुवातीला, साधारण एक अष्टमांशापर्यंत, पायलट जेट आणि एअर स्क्रू, तिथून पावपर्यंत स्लाईडचा खालचा कापलेला भाग, पाव ते पाऊण निडल (स्लाईडला लटकलेली निमुळती सुई) आणि तिचा जेट, आणि पाऊणच्या पुढे मेन जेट. टप्पे एकमेकांत मिसळतात पण अंदाज येतो. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये तुम्ही आयुष्यभर पाव मुठीच्या पुढे जात नाही, आणि तक्रार त्याच भागातली असते, तरी लोक मेन जेट बदलून आणतात!

निडलची क्लिप: क्लिप वरच्या खाचेत सरकवली की निडल खाली बसते, लीन. क्लिप खाली सरकवली की निडल वर येते, रिच. एकावेळी एकच खाच.

आणि जुन्या गाडीत एक गोष्ट कुणी सांगत नाही. निडल त्या पितळी जेटमध्ये तीस-पस्तीस वर्षं वरखाली होऊन होऊन भोक अंडाकृती झालेलं असतं. मग मधल्या टप्प्यात गाडी कायम रिच, क्लिप कुठेही लावा. तिथे ट्यूनिंग संपतं, निडल आणि जेटची जोडीच बदलायची.

आरडीचे दोन कार्ब एकसारखे कसे करायचे?

हाच या पानाचा मुख्य विषय, कारण निम्म्या आरडी ठाण्यात दीड सिलेंडरवर फिरतात आणि मालकाला वाटतं एलटी (लो टॉर्क मॉडेल) आहे म्हणून ओढत नाही. (एस्कॉर्ट्सनं १९८३ ला गाडी आणली ती हाय टॉर्क, ३०.५ बीएचपीची, नंतरची लो टॉर्क २७ बीएचपीची. फरक आहे, पण एवढा नाही.)

इंजिन बंद. एअर फिल्टरकडचे रबर काढा म्हणजे कार्बची तोंडं उघडी होतील. दोन्ही स्लो स्क्रू एवढे बाहेर काढा की स्लाईड पूर्ण खाली बसतील, मग प्रत्येक स्क्रू नुसता टेकेपर्यंत आत आणि तिथून दोघांना सारखे आटे. आता मूठ हळू फिरवा, दोन्ही स्लाईड एकाच क्षणी उचलल्या गेल्या पाहिजेत. डोळ्यांनी दोन्हीकडे एकदम बघता येत नाही, म्हणून ही युक्ती: दोन अगरबत्त्या घ्या, मसाला नसलेल्या बाजूची काडी तोडून घ्या, मूठ थोडी उघडून एक एक काडी दोन्ही स्लाईडखाली ठेवा आणि मूठ सोडा म्हणजे काड्या चिमटीत धरल्यासारख्या अडकतील. मग मूठ अगदी केसभर केसभर उघडत जा. दोन्ही काड्या एकदम खाली कलंडल्या तर सिंक बरोबर. एक आधी पडली तर त्या बाजूची स्लाईड आधी उठतेय, तिच्या केबलला ॲडजस्टरनं थोडा ढिलावा द्या. लोक यासाठी ड्रिल बिट वापरतात, चालतं, पण काडी हलकी असते, लगेच पडते, आणि देवघरात फुकट मिळते. फक्त तुकडा आत पडू देऊ नका आणि काड्या मोजून बाहेर काढा.

मग फुल रेस देऊन बघा, दोन्ही स्लाईड भोकाच्या पूर्ण वर जातायत का. हँडल डावीउजवीकडे पूर्ण वळवून परत काडी परीक्षा, केबल कुठे ताणली जात असेल तर तेव्हाच कळतं.

मग गाडी चालू करून एका बाजूची कॅप काढा (प्लग लावून ती इंजिनला टेकवून ठेवा, लोंबकळत सोडू नका, शॉकपण बसतो) आणि एकाच सिलेंडरवर कशी धरते ते ऐका, मग दुसरी बाजू. शेवटी दोन्ही सायलेन्सरच्या मागे तळहात धरा. फुंकर सारखी लागली पाहिजे.

आणि हो, ऑईल पंप! आरडीची मुठीची एक केबल पुढे तिघांत वाटली जाते, दोन कार्ब आणि तिसरा पंप. कार्बच्या केबलला हात लावला की पंपाच्या पुलीवरची खूण परत जुळवायचीच, आणि कार्बनंतरच जुळवायची, आधी नाही. हे विसरलात तर ट्यूनिंग अप्रतिम आणि पिस्टन कोरडा.

येझदीला दोन सायलेन्सर आहेत, मग तिलाही सिंक लागेल का?

नाही. एकच सिलेंडर, एकच कार्ब, बाहेर पडायच्या वाटा दोन. निवांत राहा.

सकाळी चोक ओढून रेस देतो तरी चालू होत नाही.

रेस देता म्हणूनच होत नाही. या कार्बमधला चोक म्हणजे हवेची झडप नाही, तो पेट्रोलचा एक वेगळा छोटा रस्ता उघडतो आणि तो रस्ता मूठ बंद असतानाच ओढ घेतो. मूठ उघडली की ओढ गेली, चोक असून नसल्यासारखा. मूठ सोडा, चोक ओढा, किक मारा.

उलट बाजू पण आहे. चोकच्या दांड्याच्या टोकाचं रबर कडक झालं की तो बंद करूनही नीट बसत नाही आणि गाडी दिवसभर चोकवर चालते. काळे प्लग, धूर, सोसायटीचे सेक्रेटरी खिडकीत. एवढंसं रबर.

लीन करून मायलेज वाढेल का?

माझी गोष्ट सांगतो. आरडी घेतल्यावर पहिल्या वर्षी पेट्रोल बघून पोटात गोळा यायचा, मी एका गॅरेजवाल्याच्या सांगण्यावरून दोन्ही क्लिप एक एक खाच वर घेतल्या आणि मेन जेटपण छोटे टाकले. गाडी उडायला लागली. खरंच, लीन गाडी मोडायच्या आधी एकदम हलकी आणि चपळ वाटते, हाच तिचा कावा आहे. तिसऱ्या दिवशी गायमुखच्या पुढे चढावर मूठ पूर्ण पिळलेली आणि मागचं चाक अचानक धरलं गेलं, टायरचा किंचाळल्यासारखा आवाज, हातानं आपोआप क्लच दाबला म्हणून मी आज हे लिहितोय. डावा पिस्टन सीज, म्हणजे तापून सिलेंडरमध्येच अडकला. पुढे बोअर आणि नवीन पिस्टन, त्या पैशात दोन वर्षांचं पेट्रोल आलं असतं. टू-स्ट्रोकमध्ये आत येणारं पेट्रोल नुसतं जळत नाही, पिस्टन गारपण ठेवतं. मायलेज पाहिजे असेल तर टायरमध्ये हवा बघा, ब्रेक घासत नाहीत ना ते बघा.

टू-स्ट्रोक चालवताना डाव्या हाताची दोन बोटं क्लचवर असू द्या. नेहमी.

पेट्रोलमध्ये ऑईल जरा जास्त टाकलं तर सेफ ना?

येझदीसारख्या मिसळून टाकायच्या गाडीत एक गंमत होते. ऑईल जास्त म्हणजे त्याच जेटमधून जाणाऱ्या मिश्रणात पेट्रोल कमी, म्हणजे मिक्स्चर उलट लीन होतं. कंपनीनं सांगितलेलं प्रमाण ठेवा, अंदाजपंचे ओतू नका.

प्लगचा रंग कसा वाचायचा?

कॉफीसारखा तपकिरी चांगला, कोरडा काळा म्हणजे रिच, ओला तेलकट काळा म्हणजे ऑईल जास्त किंवा प्लग गार पडतोय, पांढरा म्हणजे लीन आणि लगेच थांबा. पण ट्रॅफिकमधून घरी येऊन काढलेला प्लग काही सांगत नाही, तो फक्त कापूरबावडीच्या सिग्नलची गोष्ट सांगतो. ज्या टप्प्याचं बघायचं त्या टप्प्यावर थोडा वेळ चालवून, मूठ तशीच धरून, एकदम क्लच दाबून इंजिन बंद करायचं आणि जागेवर प्लग काढायचा, दोन्ही. आत टॉर्च मारून पांढऱ्या चिनीमातीच्या मुळाशी बघायचं, टोकाशी नाही.

पाम बीच रोड सरळ दिसतो म्हणून सगळ्यांचे हात शिवशिवतात, तिथे करू नका, मागून येणारा चाळीस वर्षं जुन्या गाडीच्या हिशोबानं चालवत नसतो. रिकामा चढ बघा, दुसऱ्या-तिसऱ्या गियरला कमी स्पीडमध्ये पूर्ण लोड मिळतो.

मूठ सोडली तरी रेस खाली यायला वेळ लागतो.

गाडी कुठूनतरी एअर घेतेय. स्लोवर ठेवून कार्ब आणि इंजिनमधल्या रबराभोवती थोडा थोडा क्लीनर मारा (गरम सायलेन्सरपासून लांब), जिथे मारल्यावर आवाज बदलला तिथे चीर आहे. तिथे काही नसेल तर क्रँकची सील. मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं तर हवा ओढते, क्लचच्या बाजूचं गेलं तर गियर ऑईल ओढते आणि पांढरा धूर सोडते. यावर स्क्रू फिरवून उपाय नाही.

नवीन पेट्रोलनं फरक पडतो का?

पडतो. आता पंपावर मिळतं ते ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे जुन्या जेटवर गाडी आपोआप थोडी लीन चालते. माझ्या गाडीत क्लिप एक खाच खाली घ्यावी लागली, तुमच्यात प्लग बघून ठरवा. शिवाय ते जुनी रबरं फुगवतं आणि हवेतलं पाणी धरतं, आणि ठाण्याच्या जुलैमध्ये हवेत पाण्याशिवाय असतं काय. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर कॉक बंद करून बाऊल रिकामे करा.

महाबळेश्वरला गेलो तर परत ट्यून करू?

तिथली उंची साधारण १३५० मीटर, हवा विरळ, गाडी थोडी रिच होईल, जरा जड वाटेल. एका वीकेंडसाठी काही करू नका. तिथे जाऊन लीन केलेली गाडी घाट उतरून खाली आली की काय होतं ते वर लिहिलंय.

कार्बचं रिपेअर किट कुठलं घ्यावं?

गॅस्केट आणि ओ-रिंग कुठलंही चालेल, जेट आणि निडल मात्र जुनी ओरिजिनल चांगली असेल तर तीच ठेवा. स्वस्त किटमधल्या दोन जेटवर एकच नंबर असतो आणि भोकं वेगळी. कुर्ल्याला किंवा चोर बाजारात जुना माल बघायला जाणार असाल तर आपला पार्ट खिशात घेऊन जा, शेजारी ठेवून बघा.

पीयूसी पास होईल का?

३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकीला लिमिट सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ४.५ टक्के आणि एचसी (हायड्रोकार्बन, म्हणजे न जळलेलं इंधन) ९००० पीपीएम आहे, नीट ट्यून केलेली गाडी गरम करून नेली की होते. तिथे दारात उभं राहून लीन करायची आयडिया कुणी दिली तर नको. आणि आपल्या १९८० च्या दशकातल्या गाड्या कायद्यानं विंटेज नाहीत, त्याला पन्नास वर्षं लागतात, त्यामुळे आपल्याला आरटीओत साधंच रिन्युअल.

सगळं केलं, तरी एकाच बाजूचा प्लग पांढरा येतो.

आता अदलाबदल. आरडीचे कार्ब अख्खे डावे-उजवे बदलता येत नाहीत, स्क्रूच्या बाजू उलट असतात, पण आतलं सामान बदलता येतं. आधी प्लग आपापसात बदला, मग मेन जेट, मग निडल, मग फ्लोटची सुई, दर वेळी चालवून बघा आणि वहीत लिहा. पांढरेपणा ज्याच्याबरोबर पलीकडे गेला तो पार्ट खराब.

दोन वर्षांपूर्वी माझ्या गाडीचा उजवा प्लग पांढरा यायचा, फक्त लोडवर, स्लोला एकदम शहाणी. मी वरचं सगळं केलं, तीन रविवार गेले, काहीही बदला, उजवा तो उजवाच. शेवटी वैतागून गाडीशेजारी फरशीवर बसलो होतो तर कार्बमधून खाली सोडलेला हवेचा बारीक पाईप दिसला, बाऊलमध्ये हवा जायला असतो तो. तोंडात धरून फुंकला, फुंकर जाईना. कापला तर आत वाळलेल्या चिखलाची गोळी. पावसात गाडी झाकून उभी होती तेव्हा कुंभारीण माशीनं तिथे घर केलं होतं. बाऊलमध्ये हवा जात नव्हती म्हणून पेट्रोल पुरेसं उतरत नव्हतं, एवढंच. पाईप नवीन टाकला, वीस रुपयांचा. आता गणपती झाले की कव्हर काढून पहिलं काम, दोन्ही पाईप फुंकून बघतो.